तीन बिंदूंची जोडणी

१. रोटाव्हेटर एका अंगाला खोल का जातो?

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या नऊ फुटी ओळींतून, अथवा कोल्हापूरकडे उसाच्या बाळबांधणीसाठी, पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर फिरू लागला म्हणजे त्याच्या मालकाची पहिली तक्रार बहुधा इंजिनाविषयी नसते. तो विचारतो ते असे, की जमीन तीच, अवजार तेच, चालकही तोच असताना रोटाव्हेटर उजव्या अंगाला दोन बोटे खोल आणि डाव्या अंगाला नुसता वरवर का चालावा; मोगड्याचे पुढचे फण रुतत असताना मागचे फण माती केवळ खरवडत का जावेत; आणि बांधाशी वळताना अवजार उचलले, की पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच का धावावा.

या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकाच जागी आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागे खाली दोन आणि वर एक असे जे तीन दुवे असतात, ज्यांना इंग्रजी पद्धतीने ‘थ्री-पॉइंट लिंकेज’ आणि शिवारात सरसकट ‘हायड्रॉलिक’ किंवा ‘लिफ्ट’ असे म्हटले जाते, त्यांच्या लांबीत आणि कोनांत ती उत्तरे साठवलेली आहेत. माझे स्पष्ट मत असे आहे, की यांपैकी बहुतेक तक्रारी दुकानातून आणलेल्या नव्या भागाने नव्हे, तर एक पाना, एक पाणसळ आणि एक मोजपट्टी एवढ्या सामग्रीने मिटण्याजोग्या असतात. आणि ज्या मिटत नाहीत, त्यांच्यासाठी नेमके काय विकत घ्यावे, हेही ती मोजपट्टीच अधिक विश्वासाने सांगते.

२. तीनच बिंदू का?

आरंभीच्या काळात ट्रॅक्टर हा बैलांच्या जागी जुंपलेला केवळ एक ओढणारा प्राणी होता: नांगर वेगळा, त्याला चाके वेगळी, आणि दोहोंमध्ये साखळी किंवा आकडा. नांगराचा फाळ एखाद्या खडकाला अडकला म्हणजे चाक थांबे, परंतु इंजिन थांबत नसे; अशा वेळी ट्रॅक्टर स्वतःच मागील आसाभोवती फिरून पुढून वर उचलला जाई आणि चालकाच्या अंगावर उलटे. आयर्लंडच्या उत्तर भागात १८८४ साली जन्मलेला हॅरी फर्ग्युसन याला पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, आयरिश कृषी खात्याच्या वतीने ट्रॅक्टरांच्या कामाची पाहणी करण्याची कामगिरी मिळाली, आणि ट्रॅक्टर व नांगर या दोन स्वतंत्र वस्तू नसून एकच यंत्र होय, असे त्याच्या मनाने घेतले. १९२६ साली त्याने नांगराची खोली हायड्रॉलिकने आपोआप राखण्याच्या युक्तीचे पेटंट मिळविले. १९३६ मध्ये ही रचना असलेला ‘फर्ग्युसन-ब्राउन’ ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ साली हेन्री फोर्ड आणि फर्ग्युसन यांच्यात केवळ हस्तांदोलनाने करार झाला आणि पुढच्याच वर्षी ‘फोर्ड ९एन’ निघाला. हा अलिखित करार पुढे मोडला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर देऊन त्याचा निकाल लागला. दस्तऐवज न करता केलेल्या व्यवहाराची ती कथा मोठी आहे. परंतु येथे आपल्याला फर्ग्युसनच्या तीन दुव्यांच्या युक्तीशी कर्तव्य आहे.

ती युक्ती अशी. खालचे दोन दुवे अवजाराला पुढे ओढतात. जमीन मात्र अवजाराला खालच्या टोकाशी मागे धरून ठेवते. ओढ वर आणि अडवणूक खाली, यामुळे अवजाराची प्रवृत्ती पुढच्या बाजूस कोलमडण्याची असते, आणि ते कोलमडू नये म्हणून वरचा दुवा, म्हणजे टॉपलिंक, त्याला थोपवून धरतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या वेळी टॉपलिंक ताणली जात नाही, दाबली जाते; ती ट्रॅक्टरच्या पाठीला पुढे ढकलते, आणि ज्या प्रमाणात जमिनीचा विरोध वाढतो त्याच प्रमाणात हे ढकलणेही वाढून ट्रॅक्टरची पुढची चाके जमिनीवर टेकलेली राहण्यास मदत होते. जो अडथळा पूर्वी ट्रॅक्टर उलटवीत असे, तोच आता त्याला सावरू लागला. हीच गोष्ट उलट बाजूने सांगायची तर, टॉपलिंकच्या खुंटीला दोर बांधून चिखलात रुतलेली गाडी ओढू पाहणे म्हणजे फर्ग्युसनपूर्व काळातील अपघाताला पुन्हा आमंत्रण देणे होय. तिथे कधीही काहीही ओढू नये.

टॉपलिंकवरील या दाबातूनच दुसरी हिकमत निघाली. दुव्याच्या मुळाशी एक भक्कम स्प्रिंग बसविली, तर नांगर कठीण जमिनीत शिरताच स्प्रिंग दाबली जाईल. ती दाबली गेली की हायड्रॉलिकची झडप उघडेल आणि नांगर किंचित उचलला जाईल. विरोध घटला की तो पुन्हा आपल्या जागी येईल. आज माहितीपत्रकात ‘एडीडीसी’ ही जी अक्षरे दिसतात, ती या स्वयंचलित खोली-नियंत्रणाचीच होत.

३. भाग कोणते, आणि कोणत्या मापाचे?

जोडणीच्या लावणीकडे वळण्यापूर्वी भागांचा परिचय करून घेणे आवश्यक आहे. खालचे दोन दुवे, म्हणजे लोअरलिंक, ट्रॅक्टरच्या पोटाखाली एका खुंटीभोवती वर-खाली फिरतात, आणि त्यांच्या मागच्या टोकांना छिद्र असलेले गोळे, म्हणजे बॉल, बसविलेले असतात. वरच्या बाजूस हायड्रॉलिकने फिरणारे दोन लिफ्ट आर्म असतात. त्यांच्यापासून खाली लोंबणाऱ्या दोन दांड्या, म्हणजे लिफ्ट रॉड, लोअरलिंकना मध्यावर कुठेतरी पकडून उचलतात. यांपैकी उजवी दांडी बहुतेक ट्रॅक्टरांत लांबी कमी-जास्त करता येण्याजोगी असते. मध्यभागी, उंचावर, टॉपलिंक. तिच्या दोन टोकांना परस्परविरुद्ध दिशांचे आटे असल्याने मधली नळी एका बाजूस फिरविली की दोन्ही टोके एकदमच बाहेर येतात किंवा आत जातात. लोअरलिंक डावी-उजवीकडे मोकाट हेलकावू नयेत म्हणून दोहो बाजूंना साखळ्या, अथवा त्यांच्या जागी स्टॅबिलायझर, असतात.

मापांच्या बाबतीत जगभर एकवाक्यता आहे, आणि ती ‘आयएसओ ७३०’ या मानकाने बांधून दिलेली आहे. श्रेणी १ मध्ये खालची पिन ७/८ इंच, म्हणजे २२ मिलिमीटर, आणि वरची ३/४ इंच, म्हणजे १९ मिलिमीटर जाडीची. श्रेणी २ मध्ये खालची सव्वा इंचाहून थोडी कमी, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर, आणि वरची १ इंच. त्याहून लहान अशी श्रेणी ० आहे, तिच्यात वरच्या व खालच्या दोन्ही पिना ५/८ इंचांच्या. आणि पिना श्रेणी १ च्या परंतु दोन दुव्यांमधील अंतर अरुंद, अशी १-एन ही श्रेणीही आहे, जी बागेतील चिंचोळ्या ट्रॅक्टरांसाठी ठेवली गेली. छोट्या ट्रॅक्टरांचा व्यवहार मुख्यतः श्रेणी १ आणि १-एन यांतच चालतो.

शेजाऱ्याचे मोठ्या ट्रॅक्टरचे अवजार उसने आणले, आणि त्याच्या २८ मिलिमीटरच्या भोकात आपली २२ मिलिमीटरची पिन घातली, की काम चालते असे वाटते. ती पिन प्रत्येक धक्क्यासरशी सहा मिलिमीटर मोकळी आदळते. दोन हंगामांनंतर ती काढून उजेडात धरावी: जिथे अवजाराचे भोक बसते तिथे तिची कंबर झिजून खाच पडलेली असते, खाचेच्या एका बाजूला आरशासारखी चकाकी आणि दुसऱ्या बाजूला जुन्या ग्रीसचा काळा थर असतो, आणि अवजाराचे भोक वाटोळे न राहता लांबट झालेले असते. यावर उपाय अगदी किरकोळ किमतीचा आहे, तो म्हणजे दोन मापांमधील फरक भरून काढणारी पोलादी बुश. आणि पिन निसटू नये म्हणून लावावयाच्या लिंचपिनच्या जागी खिळा किंवा तारेचा तुकडा वाकवून घालण्याची जी सवय आपल्याकडे सर्रास दिसते, तिचा मी निःसंदिग्धपणे निषेध करतो. रस्त्याने जाताना रोटाव्हेटरचा एक पाय निसटला, तर त्या वेळी मागे कोण चालत असेल, याची शाश्वती कोणी द्यावी?

४. लावणी: आधी डावे-उजवे, मग पुढे-मागे, शेवटी आडवी हालचाल

क्रमाला येथे फार महत्त्व आहे, कारण पहिली लावणी चुकलेली असताना दुसरी करावयास गेल्यास दोन्ही बिघडतात.

ट्रॅक्टर सिमेंटच्या सपाट जागेवर उभा करावा आणि पाना हाती घेण्यापूर्वी मागील दोन्ही टायरांतील हवा मोजावी. एका टायरात हवा कमी असेल तर संपूर्ण ट्रॅक्टरच त्या बाजूस कलतो, आणि मग लिफ्ट रॉडवर जी दुरुस्ती आपण करतो, ती वस्तुतः टायरच्या कसुरीची शिक्षा दांडीला देण्यासारखी होते. हवा समान झाल्यावर अवजार जोडून जमिनीपासून बोटभर वर उचलावे आणि त्याच्या आडव्या चौकटीवर पाणसळ ठेवावी.

समजा, एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर उजवीकडे २ सेंटिमीटर खाली आहे. लोअरलिंकच्या दोन बॉलमधील अंतर श्रेणी १ मध्ये सुमारे ६८ सेंटिमीटर असते. म्हणजे बॉलपाशी हा फरक २ चा ६८ शतांश, अर्थात सुमारे १.४ सेंटिमीटर आहे. परंतु लिफ्ट रॉड काही बॉलला धरीत नाही, ती लोअरलिंकच्या मधल्या भागाला धरते. लोअरलिंक ७० सेंटिमीटर लांब असून रॉड तिला पुढच्या खुंटीपासून ४२ सेंटिमीटरांवर पकडत असेल, तर रॉडमध्ये करावयाचा बदल १.४ ला ४२ ने गुणून ७० ने भागल्यावर मिळतो: सुमारे ८ मिलिमीटर. पुष्कळ लोक अवजार २ सेंटिमीटर खाली दिसले म्हणून रॉडही २ सेंटिमीटरच आखूड करतात, आणि मग अवजार उलट बाजूला कलल्याचे पाहून अचंबित होतात. त्याचे कारण या गणितात आहे. आपल्या ट्रॅक्टरची ही दोन अंतरे एकदा मोजून खडूने मडगार्डच्या आतील बाजूस लिहून ठेवावीत.

सपाट जमिनीवर एका फाळाचा साधा नांगर चालवावयाचा असेल, तर मात्र पाणसळ सिमेंटवर पाहून उपयोग नाही, कारण कामाच्या वेळी उजवे चाक आधीच्या तासात उतरलेले असते आणि ट्रॅक्टर तिरपा चालतो. तेव्हा डाव्या चाकाखाली तासाच्या खोलीइतका उंच लाकडी ठोकळा ठेवून, ट्रॅक्टरला तोच तिरपेपणा देऊन, मग नांगर सपाट करावा.

आता टॉपलिंक. तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो: ती आखूड केली की अवजाराचे नाक खाली जाते आणि शेपूट वर येते, लांब केली की शेपूट खाली बसते. किती, हेही काढता येते. आट्यांचे अंतर ३ मिलिमीटर असेल, तर दोन्ही टोकांना आटे असल्याने नळीच्या एका फेऱ्यात लांबी ६ मिलिमीटरने बदलते. अवजाराच्या वरच्या आणि खालच्या पिनांमधील उभे अंतर श्रेणी १ मध्ये ४६ सेंटिमीटर असते. मोगड्याच्या पुढच्या आणि मागच्या फणांच्या रांगांत ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर एका फेऱ्याने मागच्या रांगेची उंची ६० गुणिले ६ भागिले ४६, म्हणजे जवळजवळ ८ मिलिमीटरने बदलेल. मागचे फण अडीच सेंटिमीटर उथळ चालत असतील तर टॉपलिंक तीन फेरे लांब करावी, आणि दहा पावले चालवून पुन्हा पाहावे. नुसत्या अंदाजाने नळी फिरवीत बसण्याची गरज यात कुठेच उरत नाही.

रोटाव्हेटरला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. त्याची खोली दोन बाजूंच्या घसरपट्ट्या ठरवितात. टॉपलिंकचे काम तिथे निराळे, म्हणजे त्याच्या गिअरपेटीचा पुढे आलेला दांडा आणि इंजिनाची फिरती शक्ती मागे अवजाराला देणारा ट्रॅक्टरचा पीटीओ दांडा कामाच्या खोलीला परस्परांना समांतर ठेवण्याचे असते. दोहोंना जोडणाऱ्या शाफ्टमध्ये दोन सांधे असतात, आणि त्या दोन्ही सांध्यांतील कोन सारखे असतील तरच एकाने निर्माण केलेली गतीची उसळी दुसरा पुसून टाकतो. कोन विषम झाले, की तीच उसळी थरथर होऊन गिअरपेटीपर्यंत पोहोचते. रोटाव्हेटर आवाज करतो म्हणून बेअरिंग बदलून घेतलेल्या कितीतरी शेतकऱ्यांना टॉपलिंकचे चार फेरे पुरेसे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

टॉपलिंक ट्रॅक्टरच्या बाजूस ज्या कंसात बसते, त्याला पुष्कळदा एकाखाली एक अशी दोन-तीन छिद्रे असतात, आणि त्यांचा उपयोग काय हे विकणाराही क्वचितच सांगतो. खालच्या छिद्रात टॉपलिंक घातली, की ती आणि लोअरलिंक पुढच्या दिशेस एकमेकींकडे झुकतात. अशा वेळी अवजार उचलताना त्याचे शेपूट नाकापेक्षा जास्त वर जाते. बांधावरून जाताना मोगड्याला हे सोयीचे असते. परंतु शेपूट जास्त वर न्यावयाचे म्हणजे वजनही जास्त उंच न्यावयाचे, आणि त्यासाठी लिफ्टला अधिक जोर लावावा लागतो. वरच्या छिद्रात घातली तर दोन्ही दुवे समांतरतेच्या जवळ येतात, अवजार सपाट राहून उचलले जाते, आणि लिफ्टवरचा भार हलका होतो. पीटीओवर चालणाऱ्या अवजारांना वरचे छिद्र, आणि लिफ्ट कुरकुर करीत असेल तर कोणत्याही अवजाराला प्रथम वरचे छिद्र, अशी माझी शिफारस आहे. ज्या ट्रॅक्टरात खोलीचे नियंत्रण टॉपलिंकवरील दाबावर चालते, तिथे छिद्र बदलल्याने त्या नियंत्रणाची संवेदनशीलताही बदलते, म्हणून नांगरासाठी निर्मात्याच्या पुस्तिकेतील छिद्रच वापरावे.

साखळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. नांगराला बाजूस थोडे हेलकावण्याची मुभा हवी, नाहीतर वळणावर फाळच मुरडतो. रोटाव्हेटर आणि फवारणीच्या ब्लोअरला ती नको, नाहीतर द्राक्षाच्या खोडावर आदळ ठरलेली. तरीही साखळी कधीही तारेसारखी ताठ करू नये. साखळीची खुंटी आणि लोअरलिंकची खुंटी एकाच रेषेत नसल्यास लिफ्ट वर-खाली होताना साखळीचा ताण बदलतो, आणि खाली असताना ताठ बसविलेली साखळी वर जाताना आपला कंसच उपटून काढते. सबब, साखळी लावल्यावर अवजार एकदा अगदी तळापासून शेंड्यापर्यंत सावकाश उचलून, साखळी कुठे सर्वांत ताठ होते ते पाहावे, आणि त्या ठिकाणी बोटभर हालचाल शिल्लक राहील एवढेच ती आवळावी.

५. हायड्रॉलिकची परीक्षा

लिफ्टच्या दोन लिव्हरांपैकी ‘पोझिशन’ म्हणजे अवजार जिथे ठेवाल तिथे राहील, आणि ‘ड्राफ्ट’ म्हणजे जमिनीच्या विरोधानुसार ते स्वतः वर-खाली होईल. रोटाव्हेटर, ब्लोअर, पेरणीयंत्र यांना पहिली. नांगर आणि खोल चालणारा मोगडा यांना दुसरी. काही अगदी लहान ट्रॅक्टरांत दुसरी नसतेच, आणि तेथे खोली राखण्याचे काम अवजाराच्या चाकांवर सोपवावे लागते.

लिफ्ट धरत नाही, अशी तक्रार असेल तर अवजार उचलून, इंजिन बंद करून, लोअरलिंकचे टोक जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. लिव्हर जागची न हलविता टोक बरेच उतरले असेल, तर दट्ट्याच्या रबरी कड्यातून किंवा झडपेतून तेल मागे झिरपत आहे, हे निश्चित. आणि हे काम मिस्त्रीचे आहे. या परीक्षेच्या वेळी किंवा कोणत्याही वेळी उचललेल्या अवजाराखाली, त्याला भक्कम टेकू दिल्यावाचून, हातसुद्धा घालू नये. गळती शोधताना नळीवरून बोट फिरवू नये, पुठ्ठा फिरवावा. दाबाखालील तेलाची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते, आणि ती जखम बारीक दिसली तरी तातडीने रुग्णालयात जाण्याजोगी असते.

६. गाडी उलाळ होऊ नये म्हणून

बैलगाडीत माल मागे जास्त भरला, की जू वर उचलले जाते आणि गाडी उलाळ होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला छोट्या ट्रॅक्टरची मुख्य मर्यादा वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही. येथे मागचा आस हा टेकू, अवजार हा मागचा माल, आणि पुढची चाके हे जू.

एक उदाहरण करून पाहू. ट्रॅक्टर ८०० किलोंचा, पुढच्या आणि मागच्या आसांत अंतर १५० सेंटिमीटर, आणि पुढच्या चाकांवर भार ३२० किलो. मागे २४० किलोंचे अवजार उचलले, ज्याचा गुरुत्वमध्य मागील आसापासून १२५ सेंटिमीटर मागे आहे. २४० ला १२५ ने गुणून १५० ने भागले, की उत्तर २०० येते: एवढे किलो पुढच्या चाकांवरून निघून गेले. उरले १२०. स्टिअरिंग हाताशी राहण्यासाठी रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा, म्हणजे येथे १६० किलो, पुढे असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. कमतरता ४० किलोंची. पुढच्या आसाच्या ५० सेंटिमीटर पुढे टांगलेल्या वजनाचा परिणाम आसावर त्याच्या सव्वापटीहून थोडा अधिक होतो, नेमके सांगायचे तर २०० भागिले १५०. म्हणून ३० किलोंच्या पट्ट्या पुढे बसविल्या की हिशेब जुळतो. मागच्या आसावर मात्र अवजाराचे केवळ २४० किलो नव्हे, तर पुढून आलेले २०० मिळून ४४० किलो अधिक पडले, हे टायर निवडताना विसरू नये.

माहितीपत्रकातील ‘उचलण्याची क्षमता ७५० किलो’ हा आकडा लिफ्टचा आहे, ट्रॅक्टरच्या तोलाचा नव्हे. शिवाय तो बहुधा लोअरलिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट थकण्याच्या कितीतरी आधी त्याची पुढची चाके जमीन सोडतात.

७. सुधारणा: काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने

वरील लावणी करूनही ज्या अडचणी राहतात, त्यांच्यासाठी बाजारात पुष्कळ साधने मिळतात, आणि त्यांच्यापैकी सर्वांत स्वस्त असलेली साधनेच बहुधा सर्वांत उपयुक्त ठरतात.

पहिला मान मी साखळ्यांच्या जागी बसणाऱ्या, आटे फिरवून आवळता येणाऱ्या स्टॅबिलायझरला देईन. बागेत ओळीच्या अंतराशी रोज झगडणाऱ्या माणसाचा त्रास यातून तत्काळ कमी होतो. त्यानंतर डाव्या बाजूसही लांबी बदलता येणारी लिफ्ट रॉड. कारण एकट्या उजव्या रॉडने सरी काढण्याच्या अवजाराचा तिरपेपणा उभय दिशांना पुरेसा देता येतोच असे नाही, आणि उतारावरच्या शेतात तो द्यावा लागतो. झिजलेले बॉल बदलणे याला मी सुधारणा म्हणणार नाही, ते कर्तव्यच आहे; गावातल्या लेथवर जुना बॉल कापून नवे टोक वेल्डिंग करून मिळते, मात्र डाव्या-उजव्या दोन्ही लिंक कापण्यापूर्वी एकमेकींवर ठेवून लांबी जुळवून घ्यावी, नाहीतर अवजार कायमचे वाकडे चालेल.

अवजार जोडणे हेच ज्यांना जड जाते, आणि एकट्याने लोखंडी रोटाव्हेटर पहारीने सरकवीत पिना जुळविणे हे खरोखरच कंबर मोडणारे काम आहे, त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, लोअरलिंकची टोके बाहेर ओढता येतील अशी सरकती घ्यावीत. टोक ओढून पिनेत अडकवायचे आणि ट्रॅक्टर मागे घेतला की ते आपोआप आत बसते. दुसरा, क्विक हिच नावाची चौकट, जी एकदा तिन्ही दुव्यांना जोडून ठेवली की तिच्या आकड्यांत अवजार बसल्या जागेवरून उचलता येते. दुसरा मार्ग आकर्षक आहे, पण लहान ट्रॅक्टरच्या बाबतीत त्याचा हिशेब आधी मांडावा. समजा, चौकटीचे वजन ३० किलो आणि ती अवजाराला १० सेंटिमीटर मागे ढकलते. आधीच्याच उदाहरणात अवजाराचा गुरुत्वमध्य आता १३५ सेंटिमीटरांवर गेला, आणि चौकट स्वतः आसापासून सुमारे ८० सेंटिमीटरांवर आहे. पुढच्या चाकांवरून निघून जाणारा भार २०० वरून २३२ किलोंवर गेला. पुढे उरले ८८. ३० किलोंच्या पट्ट्या आता पुरणार नाहीत, ५४ किलो लागतील. चार-पाच अवजारे दिवसाआड बदलणाऱ्याने ही तजवीज खुशाल करावी; ज्याचा ब्लोअर पावसाळ्यानंतर जोडला की द्राक्ष तुटेपर्यंत निघत नाही, त्याने सरकत्या टोकांवर समाधान मानावे. शिवाय ही चौकट प्रमाणित मापांची असते, आणि गावठी कारखान्यात बनलेल्या अवजारांच्या वरच्या पिनेची उंची त्या मापाशी क्वचितच जुळते. जी अवजारे आधीच आहेत त्यांची मापे घेतल्यावाचून ती विकत घेऊ नये.

हायड्रॉलिक टॉपलिंक बसल्या जागेवरून नांगराचा कोन बदलू देते. तिला दोन्ही दिशांना तेल देणारी झडप लागते, आणि पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरांत मागच्या बाजूस एकाच दिशेने तेल देणारा मार्ग असतो. तेव्हा केवळ टॉपलिंकची किंमत धरून अंदाजपत्रक करू नये. घेतलीच, तर दट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे तेल अडवून धरणारी झडप तिच्या अंगातच बसविलेली आहे ना, याची खातरजमा करावी. ती नसेल तर कामाच्या दाबाखाली दुवा हळूहळू आखूड होत जातो आणि सकाळी लावलेला कोन दुपारी उरत नाही.

जोडणीत जो बदल दुव्यांची लांबी किंवा अवजाराचे अंतर बदलतो, त्या प्रत्येक बदलानंतर पीटीओ शाफ्ट नव्याने मोजावा लागतो, आणि ही एकच गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत सरकतात; ट्रॅक्टरचा आणि अवजाराचा दांडा जिथे सर्वांत जवळ येतात, तेथे नळीचे टोक तळाला टेकता कामा नये, दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे, नाहीतर शाफ्ट दोन्ही गिअरपेट्यांची बेअरिंगे आतून ठोकतो. आणि अवजार सर्वांत वर अथवा सर्वांत खाली असताना नळ्यांच्या लांबीचा निदान एक तृतीयांश भाग एकमेकींत गुंतलेला राहिला पाहिजे. इंजिन बंद असताना शाफ्टवर खडूची खूण करून, लिफ्ट टेकूवर तीन उंचींना ठेवून, दर वेळी खूण किती सरकली हे मोजावे. शाफ्ट आखूड पडत असेल तर नवा घ्यावा, जुन्याला तुकडा जोडू नये. लांब पडत असेल तर दोन्ही नळ्या आणि त्यांवरील प्लास्टिकचे कवच सारख्याच मापाने कापून, कापलेल्या कडा कानशीने घासून, ग्रीस लावून बसवावा, आणि कवचाची साखळी न फिरणाऱ्या भागाला अडकवावी.